पावावरचा संशय

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील बालरुग्णालयात ५ ऑक्टोबर १८८७ रोजी डॉ. सॅम्युएल गी यांनी लहान मुलांच्या एका चिवट पोटदुखण्यावर, आज ज्याला सेलिअॅक म्हणतात त्यावर, व्याख्यान दिलं. एक ते पाच वर्षांची ही मुलं. वरचं अन्न सुरू झाल्यावर काही महिन्यांत ती सुकायला लागतात. पोट फुगून पुढे येतं, हातापायांच्या काड्या होतात, कुल्ल्यांवरचं मांस उतरून कातडी लोंबते. शौचाला फिकट, पातळ आणि भयंकर वासाचं होतं, तेही इतकं की पोटात गेलं त्याहून जास्त बाहेर आलं असं वाटावं. मूल चिडचिडं होतं, खेळत नाही, वाढत नाही. गी यांनी ठामपणे सांगितलं की हा आजार बरा होणारच असेल तर तो आहारानेच होईल. पुढे त्यांनी एक अनुभव सांगितला. एका मुलाला रोज लिटरभराहून जास्त उत्तम डच शिनाणे खायला घातले. मूल भराभर सुधारलं. शिनाण्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा ढासळलं. पुढच्या हंगामात काही केल्या त्याने शिनाण्यांना तोंड लावलं नाही.

हे वाचताना आज जीव कळवळतो. पोट शिनाण्यांनी भरलेल्या त्या मुलाच्या ताटात काय नव्हतं, एवढंच पाहायचं राहून गेलं होतं. त्याच व्याख्यानात गी यांनी तांदूळ, साबुदाणा आणि मक्याचं पीठ वर्ज्य सांगितलं. पावाला मात्र परवानगी दिली. पातळ कापायचा आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचा, एवढीच अट. ज्याने त्रास होत नव्हता ते बंद झालं आणि ज्याने होत होता ते भाजून दिलं गेलं. गी हे फार बारकाईने पाहणारे वैद्य होते, त्यांचं रोगवर्णन आजही जसंच्या तसं लागू पडतं. चूक नजरेची नव्हती. पावावर संशय घ्यावा, हेच कुणाच्या मनात येत नव्हतं.

या दुखण्याचं वर्णन मुळात फार जुनं. दुसऱ्या शतकात कॅपाडोशियाच्या अरेटिअस या ग्रीक वैद्याने अन्न न पचता तसंच बाहेर पडणाऱ्या, खंगत जाणाऱ्या रुग्णांबद्दल लिहून ठेवलं आहे. आपल्याकडचे वैद्य ग्रहणी म्हणून जे सांगत, त्यात अशी अनेक दुखणी एकत्र नांदत होती. अडचण तीच होती. पोट फुगलेलं, पाय वाळलेले असं मूल जंतांनी होतं, आतड्याच्या क्षयाने होतं, मुडदुसाने होतं आणि नुसत्या उपासमारीनेही होतं. बाहेरून सगळी सारखीच दिसतात. या गर्दीतून एक आजार वेगळा काढायचा तर त्याचं कारण हवं, नाहीतर आतड्यातली त्याची खूण हवी. १८८७ मध्ये दोन्ही नव्हतं. शवविच्छेदनात आतड्याचं अस्तर झिजलेलं दिसलं, तरी मृत्यूनंतर आतडी लवकर कुजतात, त्याचाच हा परिणाम असणार, असं म्हणून ते बाजूला ठेवलं जाई.

पुढची पन्नास वर्षं आहाराचे प्रयोग चालू राहिले. न्यूयॉर्कमध्ये ख्रिश्चन हर्टर यांनी १९०८ साली या आजारावर पुस्तक लिहिलं. या मुलांना पिष्टमय पदार्थांपेक्षा स्निग्ध पदार्थ बरे सोसतात, हे त्यांनी नोंदवलं, पण दोष आतड्यातल्या जंतूंना दिला. आजाराला गी-हर्टर असं जोडनाव पडलं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कमधल्याच सिडनी हास यांनी दहा मुलांची हकीकत छापली. आठांना केळ्यांचा आहार दिला, ती बरी झाली. दोघांना दिला नाही, ती गेली. हास यांना केळ्यांची कल्पना पोर्टो रिकोवरून सुचली होती. तिथे पाव खाणाऱ्या शहरी लोकांना अशाच जातीचा विकार होई आणि केळ्यांवर राहणाऱ्या शेतकऱ्यांना होत नसे. त्यांच्या आहारात पाव, बिस्किटं, बटाटे आणि सगळी धान्यं बंद होती. म्हणजे उपाय हातात आला होता, पण त्याचं श्रेय केळ्याला गेलं. केळ्यात काहीतरी गुणकारी आहे, असं हास शेवटपर्यंत मानत राहिले. मूल बरं झालं की त्याला पुन्हा पाव मिळे आणि पुन्हा दुखणं उलटे. १९३९ साली लंडनमधल्या ७३ मुलांचा आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतली सुमारे ३० टक्के दगावलेली होती.

या कोंडीतून वाट निघाली ती द हेगमध्ये. तिथल्या युलियाना बालरुग्णालयात १९२९ ते १९३३ या काळात विलेम-कारेल डिके नावाचा तरुण डॉक्टर बालरोगांचं शिक्षण घेत होता. जन्म १९०५चा, डॉर्डरेख्त गावचा, वैद्यकी लायडेनला शिकलेला. १९३६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो त्याच रुग्णालयाचा वैद्यकीय संचालक झाला. १९३२ साली हेगमधलेच बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टेमान यांनी एका बैठकीत सहज सांगावं तसं सांगितलं होतं, की त्यांच्या एका रुग्णाला पाव किंवा टोस्ट दिला की जुलाब परत सुरू होतात. डिके यांनी ते ऐकलं आणि मनात ठेवलं.

नंतर एक तरुण आई आली. तिच्या मुलाला हाच आजार होता. घरात पाव बंद केला की मुलाच्या अंगावरचं पुरळ झपाट्याने कमी होतं, असं तिने डॉक्टरांना सांगितलं. ही १९३६च्या सुमाराची गोष्ट. पुढे कितीतरी वर्षांनी डिके यांच्या पत्नीने ती सांगितली, म्हणून ती आपल्याला माहीत आहे. त्या आईचं नाव कुठे नोंदलेलं नाही.

त्या आईने केलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत धाडसाचं काम वाटतं. डच घरात पावाचं स्थान काय, हे लक्षात घेतलं तर ते धाडस कळतं. तिथे सकाळी पाव, दुपारी पाव. मूल जन्मलं की भेटायला येणाऱ्यांना गव्हाच्या कुरकुरीत टोस्टवर साखरेत घोळलेली बडीशेप पेरून देतात, तेच तिथलं बारशाचं गोड. बाळाला वरचं अन्न द्यायचं किंवा आजाऱ्याला हलकं काही द्यायचं, तर तोच टोस्ट दुधात कुस्करून. आपल्याकडेही तापातून उठलेल्या पोराच्या हातात दूध-बिस्कीट नाहीतर चहा-टोस्टच देतात. जे आजाऱ्याला पथ्य म्हणून द्यायचं, तेच आजाराचं मूळ असेल असं म्हणायला आधी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास हवा. तिचा होता. आणि समोर बसलेल्या संचालकाने ‘आईचं मन, तिला असं वाटतंच’ असं म्हणून ते झटकलं नाही.

डिके यांनी काही मुलांचा गहू बंद करून पाहिला. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या, शिधापत्रिका आल्या, केळी दिसेनाशी झाली. अशात १९४१ साली डच वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा एक छोटा लेख आला. गी-हर्टर विकारासाठी साधा आहार, एवढंच त्याचं म्हणणं. पाव आणि टोस्ट अजिबात नको. दिवसातून दोनदा गरम जेवण चालेल. तिसऱ्या वेळी गोड किंवा आंबट लापशी, पण गव्हाच्या पिठाशिवाय. यात केळी नव्हती, महागडी दुधाची पावडर नव्हती. शिध्यावर जगणाऱ्या घरातली आई जे रांधू शकेल तेवढंच त्यात होतं. डिके यांच्या कामाचा हा गुण मला फार मोठा वाटतो. त्याआधीचे आहार इतके कडक असत की मूल रुग्णालयातच पाळावं लागे. हा आहार घरी नेता येण्यासारखा होता.

लोकांत सांगितली जाणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. दुष्काळ पडला, पाव संपला, आजारी मुलं आश्चर्यकारकरीत्या सुधारली. मग दोस्तांच्या विमानांनी पाव टाकला, मुलं पुन्हा आजारी पडली, आणि डॉक्टरच्या डोक्यात प्रकाश पडला. गोष्ट चटकन लक्षात राहते, म्हणून पुस्तकांतून, व्याख्यानांतून तीच फिरते. दुष्काळ खरा होता, मुलं सुधारली हेही खरं. पण संशय त्याच्या कितीतरी आधीचा होता आणि छापूनही आलेला होता. दुष्काळाने दाखला दिला, कल्पना दिली नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या सोप्या गोष्टीत ती आई उरत नाही, स्टेमान उरत नाहीत, आणि दुष्काळानंतरची खरी मेहनत तर मुळीच उरत नाही.

तो दुष्काळ डच लोक ‘भुकेचा हिवाळा’ म्हणून ओळखतात. १७ सप्टेंबर १९४४ रोजी दोस्तांचं छत्रीसैन्य देशात उतरलं आणि त्यांना मदत म्हणून लंडनमधल्या परागंदा डच सरकारने रेल्वे कामगारांना संपावर जायला सांगितलं. चढाई आर्नेमजवळ फसली. देशाचा दक्षिण भाग सुटला, पश्चिमेकडची मोठी शहरं जर्मनांच्याच हातात राहिली. सूड म्हणून जर्मनांनी अन्नाची वाहतूक रोखली. ती बंदी थोडी सैल झाली तोवर थंडीने कालवे गोठले होते. नोव्हेंबरअखेर माणशी शिधा दिवसाला १००० कॅलरीच्या खाली गेला, पुढच्या महिन्यांत तो ४०० ते ८०० वर आला. लोकांनी साखरेचं बीट उकडलं, ट्यूलिपचे कांदे शिजवले. सुमारे २०,००० माणसं त्या हिवाळ्यात गेली.

हेगची अवस्था फारच वाईट होती. किनाऱ्यावरच्या तटबंदीसाठी जर्मनांनी तिथल्या वस्त्या आधीच रिकाम्या करून पाडल्या होत्या, लाखाहून अधिक लोक घराबाहेर काढले गेले होते. ८ सप्टेंबर १९४४ला लंडनवर पडलेला पहिला व्ही-२ अग्निबाण याच शहराला लागून असलेल्या वासनारमधून सुटला होता. या अग्निबाणांचे तळ उडवायला निघालेल्या ब्रिटिश विमानांचा नेम ३ मार्च १९४५ रोजी चुकला आणि बेझाउडनहाउट ही नागरी वस्ती जळाली, पाचशेहून जास्त माणसं मेली. या शहरात डिके मुलांचं रुग्णालय चालवत होते.

गव्हाचा पाव जवळजवळ नाहीसा झाला तेव्हा त्यांना दिसलं ते असं. बाकीची मुलं वाळत होती आणि वर्षानुवर्षं वाळलेली ही मोजकी मुलं तग धरत होती, काही तर सुधारत होती. फेब्रुवारीअखेर स्वीडनने पाठवलेल्या पिठाचा पांढरा पाव शहरांत वाटला गेला. २९ एप्रिलपासून ब्रिटिश लँकेस्टर विमानांनी हेगजवळचा आयपेनबुर्ग विमानतळ आणि डुइंडिग्टचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान इथे अन्नाच्या गोण्या टाकल्या. ५ मे रोजी देश मुक्त झाला. जे भुकेल्या शहराला जीवदान होतं, त्याच पावाने या मुलांचे जुलाब परतले.

इथे दुसरा कुणी थांबला असता. डिके थांबले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. दुष्काळात एकटा पाव बदललेला नव्हता. दूध, लोणी, साखर, मांस, सगळंच बदललं होतं. त्यातलं नेमकं कशाने काय झालं हे सांगायचं तर बाकी सारं तसंच ठेवून एक गोष्ट काढायची आणि एकच घालायची, असं करून पाहणं भाग होतं. युद्धानंतर त्यांनी तेच केलं. मूल गव्हाविना ठेवायचं, वजन-उंची नोंदवायची. बराच काळ गेला की गहू द्यायचा, नोंदी चालूच. पुन्हा बंद करायचा. गव्हाच्या जागी राय, ओट, मका, तांदूळ देऊन पाहायचं. प्रत्येक पालट आठवड्यांचा नव्हे, महिन्यांचा. काही मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षं चालल्या, रुग्णालयात आणि घरीही. कारण त्रास पहिल्या घासाला होत नाही. भूक आधी मंदावते, मूल किरकिरं होतं, मग वजनाची रेघ सपाट होते आणि खाली वळते. घाईने पाहणाऱ्याला गहू निर्दोषच वाटला असता.

त्या रेघा पाहताना अवघडल्यासारखंही होतं. बऱ्या झालेल्या मुलाला पुन्हा आजारी करणारं अन्न जाणूनबुजून द्यायचं, हे आज कोणतीही नैतिक समिती सहजी मान्य करणार नाही. पण तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. गव्हावरचा नुसता संशय जगातल्या एकाही डॉक्टरला पटला नसता. त्या मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी जे सोसलं, त्यातून आलेल्या पुराव्यावर नंतरच्या लाखो मुलांचं जेवण उभं आहे.

वजनापेक्षा लवकर बोलणारी खूण हवी होती. ती युट्रेक्टमध्ये मिळाली. तिथल्या राष्ट्रीय आहार संशोधन संस्थेत यान फान द कामर हे जीवरसायनतज्ज्ञ होते. त्यांनी १९४९ मध्ये विष्ठेतली चरबी मोजण्याची एक पद्धत दिली. नमुना सुकवण्याची गरज नाही, ओल्यावरच माप. रोज खाल्लेली चरबी मोजायची, रोज बाहेर पडलेली मोजायची. उरलेली शरीरात शोषली गेली. आतडं काम करतंय की नाही, हे आता आकड्यात कळू लागलं. युट्रेक्टचे बालरोगतज्ज्ञ वायर्स सोबत आले आणि हेगचं काम तिकडच्या प्रयोगशाळेशी जोडलं गेलं. १९५० साली डिके यांनी युट्रेक्ट विद्यापीठात प्रबंध सादर केला. गहू आणि राय अपाय करतात, तांदूळ, मका आणि बटाटा करत नाहीत, हे त्यात रेघांनी आणि आकड्यांनी मांडलेलं होतं. ओटही त्यांनी दोषींच्या यादीत घातला होता. त्याबद्दलचं मत पुढे बदललं, शुद्ध ओट बहुतेक रुग्णांना सोसतो असं आता दिसतं.

मग प्रश्न आला, गव्हातलं काय? आपल्याकडे कुरडया करणाऱ्या घरात अर्धं उत्तर आधीच पाहिलेलं असतं. गहू भिजवून, वाटून, गाळला की तळाला पांढराशुभ्र चीक बसतो. तो पिष्ट. आणि कणकेचा गोळा पाण्याखाली मळत राहिलं की पिष्ट वाहून जातं, हातात रबरासारखा चिवट लगदा राहतो. ते ग्लुटेन, गव्हातलं प्रथिन, ज्याच्यामुळे पोळी लाटता येते आणि पाव फुगतो. फान द कामर यांनी हे दोन्ही वेगळे करून दिले. शुद्ध पिष्ट दिलं तर मुलांना काही झालं नाही. ग्लुटेन दिलं आणि विष्ठेतली चरबी वाढली. पुढे त्यांनी ग्लुटेनचेही भाग केले, आणि मद्यार्कात विरघळणारा ग्लायडिन हा भाग दोषी ठरला. हे निबंध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. (घरच्या चिकात ग्लुटेन उरतंच, म्हणून सेलिअॅकच्या रुग्णाला गव्हाच्या कुरडया चालत नाहीत, हे इथेच सांगितलेलं बरं.) दरम्यान १९५२ साली बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे पडताळून छापला, आणि वाद जवळपास मिटला. हर्टर यांच्यापासून चालत आलेला पिष्टावरचा आरोप चुकीचा होता. पिष्टासोबत गव्हातून येणारं प्रथिन अपराधी होतं.

कारण सापडलं, तरी निदानाची खूण अजून नव्हती. मुलाला हाच आजार आहे हे ठरवायचं कसं, तर गहू बंद करून वाट पाहायची. आतड्यापर्यंत पोचण्याचा मार्ग काही वर्षांत खुला झाला. १९५४ मध्ये इप्सविचचे जॉन पॉली यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जिवंत प्रौढ रुग्णांच्या लहान आतड्याचे तुकडे घेतले. अन्न शोषून घेणाऱ्या बोटांसारख्या अंकुरांचं अस्तर झिजलेलं होतं, आणि आता ते कुजल्यामुळे झालं असं कुणी म्हणू शकत नव्हतं. दोन वर्षांनी लंडनच्या मार्गोट शायनर यांनी तोंडातून नळी घालून, पोट न कापता तुकडा काढून दाखवला. १९५७ मध्ये अमेरिकेत विल्यम क्रॉस्बी यांनी बारीक नळीला जोडलेली एक छोटी धातूची कुपी केली. ती गिळायची, आतड्यात पोचली की आतलं पातं फिरतं आणि नखाएवढा तुकडा घेऊन ती वर ओढायची. यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांतल्या रुग्णांना ती कुपी चांगली आठवत असेल.

१९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेन इथे युरोपातले बालरोग-पोटविकारतज्ज्ञ जमले आणि त्यांनी निदानाचे नियम ठरवले. गहू खात असताना अस्तर झिजलेलं हवं, बंद केल्यावर ते भरून आलेलं हवं, परत दिल्यावर पुन्हा बिघडलेलं हवं. तीनदा तुकडा. हेगच्या वॉर्डात डिके यांनी वजनाच्या रेघेवर जे केलं होतं, तेच आता आतड्याच्या तुकड्यावर करायचं. हा तिहेरी नियम दोन दशकं टिकला. १९९७ मध्ये जर्मन संशोधकांनी या आजारात शरीर स्वतःच्याच ‘टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज’ या विकराविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं हे शोधलं, आणि संशय आला की आधी रक्ताची एक तपासणी, हा क्रम सुरू झाला.

इंटरलाकेनची बैठक डिके यांनी पाहिली नाही. १९५७ मध्ये ते युट्रेक्टला प्राध्यापक झाले, तिथल्या विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे संचालक झाले, आणि १९६२ मध्ये, अवघ्या ५७व्या वर्षी, वारले. डच पोटविकार संघटनेने त्यांच्या नावाचं सुवर्णपदक ठेवलं आणि पहिलं त्यांनाच दिलं. युलियाना बालरुग्णालय आज हेगच्या हागा रुग्णालयाचा भाग आहे.

रक्ततपासणी हाती आल्यावर एक गैरसमज गळून पडला, हा आजार विरळा असल्याचा. डिके यांच्या काळी मोठ्या रुग्णालयातही अशी मुलं मोजकीच दिसत. १९९९ साली हॉलंडमधल्या दोन ते चार वर्षांच्या सहा हजारांहून जास्त निरोगी मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. दर दोनशे मुलांमागे साधारण एकाला हा आजार होता, आणि निदान झालेली मुलं त्यांचा लहानसा हिस्सा होती. 

भारतातली पाहणी तर मराठी वाचकाने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. उत्तर भारतातल्या मुलांमधला सेलिअॅक १९६६ मध्येच नोंदला गेला होता, तरी हा गोऱ्यांचा आजार, हा समज बरीच वर्षं टिकला. २०१६ मध्ये २३,००० हून जास्त निरोगी प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. रक्तात या आजाराची प्रतिपिंडं असलेल्यांचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत ०.१०. आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारखीच होती, सुमारे तिघांपैकी एकात. फरक ताटातला होता. उत्तरेतलं माणूस दिवसाला सुमारे ४५५ ग्रॅम गहू खात होतं, दक्षिणेतलं २५ ग्रॅम. महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये आहे. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी दोन्ही वेळा ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा भात होता आणि पोळी सणाला व्हायची, तिथे आता पोळी रोजची झाली, त्यात बिस्किटं, टोस्ट, नूडल्स आणि पाव आले. जनुकं तीच आहेत, गहू वाढला आहे. न वाढणारं, सतत पोट बिघडणारं, लोहाची औषधं देऊनही हिमोग्लोबिन न चढणारं मूल समोर आलं, तर जंतांच्या आणि टॉनिकच्या चिठ्ठीआधी हा आजार आठवायला हवा. आईने सांगितलं की पोळी दिली नाही त्या आठवड्यात बरं होतं, तर ते लिहून घ्यायला हवं.

फक्त एक गोष्ट डिके यांच्या काळापेक्षा उलटी झाली आहे. तेव्हा गहू बंद करून पाहणं हीच तपासणी होती. आता तपासणी रक्ताची आणि दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याची आहे, आणि गहू आधीच बंद केला तर प्रतिपिंडं उतरतात, अस्तर भरून येतं आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येतो. म्हणून निदान पक्कं होईपर्यंत मुलाला नेहमीची पोळी खाऊ द्यावी लागते. त्यानंतर मात्र ती आयुष्यभर बंद, आणि पोळीबरोबर रवा, मैदा, सातूही. डबीतल्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे डबीवरचा मजकूरही वाचून घ्यावा लागतो. मराठी घराच्या हाताशी भाकरी आहे, ही मोठी सोय, पण ज्वारी दळायला टाकताना त्या गिरणीत आधी कुणाचे गहू दळले गेले होते, ते विचारावं लागतं. बरीच घरं त्यासाठी लहानशी घरगुती चक्की घेतात.